प्ल्योसला नेलेली रोपं

जहाज उग्लिचच्या धक्क्याला लागेपर्यंत रिम्माच्या घोडचुकीचं पारायण तीनदा होऊन गेलं होतं. पहिल्यांदा मॉस्कोत, सासूबाईंनी टॅक्सीतून रोपांनी भरलेली केळ्यांची दोन मोठी खोकी उतरवली तेव्हा. दुसऱ्यांदा ती खोकी केबिनच्या दारातून आत जाईनात तेव्हा. आणि आता जेवणाच्या टेबलावर, शेजारच्या टेबलांनाही नीट ऐकू जाईल अशा बेतानं.

"मेचा शेवटचा आठवडा," नणंद तायसिया पावाला लोणी लावता लावता म्हणाली. "अख्खा उन्हाळा पुढे पडलेला असताना तुला नेमका हाच सापडावा, रिम्मा?"

"याच आठवड्यात दोन केबिन शेजारीशेजारी मिळत होत्या."

"मिळणारच. ज्याच्याकडे वीतभर जमीन आहे तो या आठवड्यात वाफ्यात वाकलेला असतो. जहाजावर बसून जातंय कोण?"

"तिला कशाला बोलतेस," ग्लेब सुपातून मान वर न काढता म्हणाला. "पाचव्या मजल्यावर वाढलेली मुलगी ती. तिला वाटतं, टोमॅटो दुकानात पिकतो."

बायकोची बाजू घ्यायची ग्लेबची पद्धत ही अशी. तेवीस वर्षांच्या संसारात रिम्मा त्या पद्धतीवर रागवायचं विसरून गेली होती.

पण चूक होती, यात वाद नव्हता. सासूबाईंच्या, म्हणजे कापितोलिना येगोरोव्नांच्या, पंचाहत्तरीला व्होल्गेवरची सफर भेट द्यायची ही कल्पना सगळ्यांची होती. तारीख मात्र रिम्मानं काढली. मार्चपासून खिडकीत जपलेली रोपं मेच्या अखेरीस दाचावरच्या, म्हणजे शहराबाहेरच्या बागेतल्या घरच्या, मातीत जातात. त्या आठवड्यात कापितोलिना येगोरोव्ना बाग सोडून स्वतःच्या लग्नालासुद्धा गेल्या नसत्या. त्या नाही म्हणणार, असं सगळ्यांनीच धरलं होतं. त्या "येते" म्हणाल्या तेव्हा तायसियानं फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे बघितलं होतं म्हणे. बाकीची रोपं शेजारणीच्या हवाली झाली, आणि दुधाच्या कापलेल्या खोक्यांतली निवडक रोपं केळ्यांच्या पेट्यांत बसून जहाजावर आली. सासूबाईंच्या आणि तायसियाच्या केबिनमध्ये जागा नव्हती. म्हणून ती मोठ्या खिडकीच्या केबिनमध्ये, म्हणजे ग्लेब आणि रिम्माच्या उशाशी, येऊन राहिली. "पाणी मी येऊन घालीन," असं सांगून ठेवलं होतं. "तू हात लावू नकोस, रिम्मा. तू पाहुणी आहेस, मजेत राहा."

हे सासूबाईंचं ठरलेलं वाक्य होतं. दाचावर पाऊल टाकलं की रिम्माला वेताच्या खुर्चीत बसवायचं, हातात स्ट्रॉबेरीचा वाडगा द्यायचा आणि म्हणायचं, तू बस, तू पाहुणी. बोलण्यात प्रेम असायचं. रिम्मा खुर्चीत बसून सगळ्यांच्या वाकलेल्या पाठी बघत राहायची, आणि स्ट्रॉबेरी घशाखाली उतरायची नाही.

"पण आई, ही रोपं नेतेयस कुठे?" ग्लेबनं आता विचारलं. "निझ्नीपर्यंत जाणार आणि परत येणार. त्यांना काय शहरं दाखवायची आहेत?"

कापितोलिना येगोरोव्नांनी चमचा खाली ठेवला.

"प्ल्योसला फाइना येणार आहे धक्क्यावर," त्या म्हणाल्या. "तिला द्यायची आहेत."

तायसियाच्या हातातला पाव तसाच राहिला. फाइना म्हणजे सासूबाईंची धाकटी बहीण. आईच्या पाठीमागे प्ल्योसचं घर तीच सांभाळत होती. अकरा वर्षांपूर्वी आईच्या श्राद्धाचं जेवण चालू असताना दोघींत काहीतरी झालं. कापितोलिना येगोरोव्ना ताटातल्या ब्लिनीला, त्या पातळ धिरड्यांना, हात न लावता उठल्या आणि मॉस्कोची गाडी धरून निघून आल्या. त्या दिवसापासून या घरात फाइनाचं नाव निघालं नव्हतं.

"एप्रिलमध्ये फोन आला होता तिचा," सासूबाई म्हणाल्या. "ती मला कापाच म्हणते. म्हणाली, कापा, माझं बी मेलं. एकही उगवलं नाही. आईचा गुलाबी टोमॅटो आता फक्त तुझ्याकडे उरलाय. एवढं बोलली आणि फोन ठेवला."

"मग?"

"मग काय. नेतेय."

त्यांनी पुन्हा चमचा उचलला. रिम्माला एकदम हायसं वाटलं. तिच्या मूर्खपणाच्या तारखेनं आपोआपच दोन बहिणींची गाठ पडणार होती.

त्या हायसं वाटण्यानंच पुढचा घात केला.

दुपारी उग्लिचचे लाल घुमट मागे पडले. वाढदिवस आजचाच होता, म्हणून तायसियानं वरच्या मजल्यावरच्या दालनात टेबल सजवायला घेतलं. रिम्मा शाल आणायला केबिनमध्ये आली तर रोपं खिडकीकडे माना वेळावून उभी. देठ लांबट, पानं फिकट. तिला आठवलं, लावणीच्या आधी सासूबाई रोपं गच्चीत नेतात. म्हणतात, त्यांना जगाची हवा कळू दे. बाहेर ऊन कसं लख्ख होतं. पाहुणीनं आज एक काम केलं तर काय बिघडणार होतं?

तिनं एकेक पेटी छातीशी धरून जिना चढून वरच्या डेकवर नेली, रोपं ओळीनं मांडली, वाकलेली बोटानं सरळ केली. बोटांना पानांचा पिवळट हिरवा रंग लागला. साबणानं तो धुतला तर आणखीच काळपट झाला. हात नाकाशी नेले तर सासूबाईंच्या झग्याला जुलैभर येतो तो कडवट वास. रिम्माला तो आवडला. अर्ध्या तासानं परत नेऊ, असं मनाशी ठरवून ती दालनात गेली.

दालनात अ‍ॅकॉर्डियनवाला होता, हेरिंग माशाची कोशिंबीर होती, कोन्याक ब्रँडी होती. ग्लेब आईसाठी बोलायला उभा राहिला आणि दुसऱ्याच वाक्याला रडायला लागला. तायसियानं पुढचं भाषण घेतलं आणि तीही रडली. शेजारच्या टेबलावरच्या तुला शहरच्या बायका न बोलावता गाण्यात सामील झाल्या. कापितोलिना येगोरोव्ना चक्क नाचल्या, दोन्ही हात कमरेवर ठेवून, एका जागी, पण नाचल्या. नदी कधी रुंदावली आणि जहाज जलाशयाच्या मोकळ्या पाण्यावर कधी आलं, कुणाला कळलं नाही. काचेवर वारा आपटायला लागला तेव्हा सफाईची बाई दारात येऊन म्हणाली, "वरती कुणाची रोपं आहेत का? उडून चाललीत."

रिम्मा सगळ्यांत आधी धावली. ऊन न पाहिलेली पानं उन्हानं कागदासारखी पांढरी पडली होती, आणि वाऱ्यानं देठ मधूनच मोडले होते. काही खोकी कठड्याशी आडवी पडून माती सांडली होती. ती गुडघे टेकून माती ओंजळीनं परत भरायला लागली. तोवर बाकीचे पोचले.

"मी आणली वर," ग्लेब म्हणाला. "मला वाटलं, ऊन आहे तर..."

"ग्लेब," कापितोलिना येगोरोव्ना म्हणाल्या, "तू आयुष्यात कधी न सांगता खोकं उचललंयस?"

"मी आणली," रिम्मा म्हणाली. "यानं नाही. मी."

सासूबाई खाली वाकल्या. एकेक देठ त्यांनी दोन बोटांत धरून बघितला, दाबून बघितला, बाजूला ठेवला. शेवटी तीन रोपं हातात उरली. पेटीच्या सगळ्यांत आतल्या कोपऱ्यात, बाकीच्यांच्या आडोशाला होती म्हणून वाचली.

"तुला कुणी सांगितलं होतं?" त्यांनी विचारलं. आवाज अजिबात चढला नव्हता. "पाहुण्यानं पाहुण्यासारखं राहावं, रिम्मा."

मग जिना उतरता उतरता, कुणाकडेच न बघता, त्या म्हणाल्या, "प्ल्योसला मी उतरणार नाही. अकरा वर्षांनी बहिणीच्या दारात हात हलवत जाऊ?"

दुसऱ्या दिवशी यारोस्लाव्लला अख्खं जहाज उतरलं, त्या केबिनमध्येच बसून राहिल्या. ग्लेबनं तासभर दाराबाहेरून विनवण्या केल्या. मग तोही हात टेकून देवळं बघायला निघून गेला. रिम्मा डेकवरच्या बाकावर बसली होती. तिथं तायसिया आली आणि चहाचा पेला तिच्या हातात कोंबून शेजारी बसली.

"शिव्या द्यायला आले होते," ती म्हणाली. "पण तुझं तोंड बघून देववत नाहीत."

"दे. हक्काच्या आहेत."

तायसियानं शिव्या दिल्या नाहीत. नदीकडे बघत म्हणाली, "आईला तेव्हा काय लागलं माहितीये? श्राद्धाच्या दिवशी फाइना मावशी काय बोलली ते?"

"मला कोण सांगणार?"

"आजी आजारी होती तेव्हा बाबांचंही ऑपरेशन होतं. आई दोन दोन दिवसांसाठी जायची आणि परत यायची. मावशी एकटीनं सगळं करत होती, थकली होती बिचारी. जेवताना आई वाढायला उठली, तर सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाली, तू बस, कापा. तू या घरची पाहुणी आहेस."

रिम्मानं पेला बाकावर ठेवला.

"काय म्हणाली?"

"पाहुणी," तायसिया म्हणाली आणि मग थांबली. वहिनीकडे बघत राहिली. "अगं बाई," ती हळूच म्हणाली. "आमच्या कधी लक्षातच आलं नाही."

कोस्त्रोमाला सकाळी ग्लेब एकटाच उतरला आणि तासाभरानं विजयी वीरासारखा परतला. बाजारातून त्यानं टोमॅटोची धट्टीकट्टी रोपं आणली होती, टोपलीभर. दोघींना केबिनमध्ये ओढून तो म्हणाला, "परवा वाचलेली तीन पुढे ठेवायची, ही मागे. मावशीला काय कळतंय? टोमॅटो तो टोमॅटो."

तायसियानं कपाळाला हात लावला. "ग्लेब, पान बघ."

"पानाला काय झालंय? हिरवं आहे."

"आपल्या गुलाबीचं पान बटाट्याच्या पानासारखं असतं. रुंद, कडेला दात नसलेलं. लहानपणापासून पाणी कुणाला घालत होतास तू?"

"पाणी तूच घालायचीस. मी नळ सोडायचो."

मागे दार उघडलं. कापितोलिना येगोरोव्ना उभ्या होत्या. त्यांनी टोपलीकडे बघितलं, मुलाकडे बघितलं, एक पान खुडून नाकाशी नेलं. त्यांचा ओठ एका बाजूला हलला. मग खांदे हलले. त्या हसत होत्या, आवाज न करता, दाराच्या चौकटीला धरून.

"आईच्या घरी," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "या माझ्या लेकानं हे नेलं असतं, तर फाइनानं त्याच्यासकट मला व्होल्गेत ढकललं असतं. आण ते जेवणघरात, तिथल्या बायकांना वाटून टाक. त्या गाणाऱ्या बायका खूश होतील."

ग्लेब टोपली घेऊन गेला, तायसिया त्याला आणखी टोमणे मारत पाठोपाठ गेली. सासूबाई खिडकीतल्या तीन रोपांपाशी येऊन बसल्या आणि बोटानं मातीची ओल बघायला लागल्या. रिम्मा दाराशीच उभी राहिली. पण आत्ता बोललं नाही तर आयुष्यात बोलणं होणार नाही, हे तिला कळत होतं.

"कापितोलिना येगोरोव्ना, ही तीन घेऊन उतरा."

"तीन कुणाला देतात?"

"मी बरोबर येते. मी सांगते त्यांना, बाकीची मी मारली म्हणून. राग माझ्यावर काढू देत."

"तुझा काय संबंध? तू..."

"पाहुणी म्हणू नका," रिम्मा म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "तेवीस वर्षं ऐकतेय. तुम्ही मायेनं म्हणता, मला कळतं. पण तुम्हाला एकदाच कुणी म्हणालं, तर तुम्ही ताटावरून उठून आलात आणि अकरा वर्षं गेला नाहीत. मला तर उठून जायलाही जागा नाही. तुमचंच घर आहे माझ्याकडे."

बोलून झाल्यावर तिला भीती वाटली. सासूबाईंचं बोट अजून मातीतच होतं. नदीच्या काठानं बर्चची झाडं एकामागून एक मागे जात होती.

"तायसियानं सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"तिच्या पोटात काही राहत नाही." मग बोट झग्याला पुसून त्या म्हणाल्या, "इकडे ये. पाणी घाल. बुडाशी घाल, पानांवर नको. एवढं नको. हां, पुरे."

प्ल्योसला जहाज दुपारी लागलं. टेकडीवरच्या देवळाला ऊन लागलं होतं, धक्क्यावर बायका धुरी दिलेले ब्रीम मासे विकत होत्या. गर्दी पांगल्यावर एका खांबाजवळ एकटी उभी राहिलेली ठेंगणी बाई दिसली. अंगात रेनकोट, डोक्याला रुमाल, हातात पिशवी. कापितोलिना येगोरोव्ना फळीवरून उतरल्या आणि तिच्यापासून चार हातांवर थांबल्या. मागे रिम्मा, पेटी छातीशी धरून.

"बारीक झालीस," फाइना म्हणाली.

"तू जाड झालीस."

"बसून असते. काम कुठं उरलंय आता." फाइनानं पेटीकडे नजर टाकली. "हीच का?"

"तीनच आहेत," सासूबाई म्हणाल्या.

"बाकीची मी मारली," रिम्मा घाईघाईनं म्हणाली. "उन्हात ठेवली आणि विसरले. यांची काही चूक नाही."

फाइनानं तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "ही कोण?"

"ही माझी रिम्मा," कापितोलिना येगोरोव्ना म्हणाल्या. "ग्लेबची बायको. घरचीच आहे, म्हणून तर एवढं नुकसान करू शकली."

रिम्मानं पेटी पुढे केली, कारण डोळ्यांतलं पाणी लपवायला दुसरं काही हाताशी नव्हतं. फाइनानं ती दोन्ही हातांनी घेतली. देवळातला प्रसाद घ्यावा तशी घेतली, पानाला बोट लावलं, "आईचंच आहे" असं पुटपुटली. आणि तेव्हा रिम्माला तिची बोटं दिसली. पेरांच्या रेघांत, नखांच्या कडेला, साबणानं न निघणारा काळपट हिरवा रंग. रिम्माच्या बोटांवर अजून होता तोच. आणि बाईच्या बाहीला तोच कडवट वास येत होता. एकही बी न उगवलेल्या माणसाच्या हाताला टोमॅटोच्या पानांचा हा रंग कुठून लागतो, हा प्रश्न परवापर्यंत रिम्माला पडलाच नसता.

फाइनाच्या लक्षात आलं असावं. तिनं पेटी कमरेवर घेऊन बाह्या खाली ओढल्या.

"वर चल," ती बहिणीला म्हणाली. स्वर जरा कडकच होता. "ब्लिनी करून ठेवल्यात. मागच्या वेळी ताटात तशाच टाकून गेलीस."

"गार झाल्या असतील."

"तर गरम करीन. चल. मी बोलले ते..." तिनं वाक्य गिळलं. "थकले होते मी, कापा."

"मीही थकले होते," कापितोलिना येगोरोव्ना म्हणाल्या. त्यांनी बहिणीच्या हातातली पिशवी घेतली, आणि दोघी टेकडीच्या पायऱ्या चढायला लागल्या. मधून मधून थांबत होत्या, दम खायला किंवा भांडायला, ते खालून कळत नव्हतं. ग्लेब आणि तायसिया पाठोपाठ निघाले होते, त्यांना रिम्मानं दंडाला धरून थांबवलं. तिघांनी धक्क्यावर बसून माशाचं सारण भरलेले पिरोगी खाल्ले. तायसियानं आपल्यातला मोठा तुकडा काही न बोलता वहिनीपुढे सारला.

जहाजाचा दुसरा भोंगा झाला तेव्हा सासूबाई टेकडी उतरून आल्या. पिशवीत कागदात बांधलेला ब्रीम होता, हनुवटीला साय लागलेली होती. धक्का दूर गेला, खांबाजवळचा रुमाल हलायचा थांबला, तरी त्या कठड्याशी उभ्या होत्या. रिम्मा शाल घेऊन आली आणि त्यांच्या खांद्यावर टाकून शेजारी उभी राहिली.

"रोपांच्या काचघराकडे नेलंच नाही तिनं," कापितोलिना येगोरोव्ना म्हणाल्या. "म्हणाली, तिकडे चिखल आहे."

"हो का."

"तीन रोपं खिडकीत ठेवली. आईच्या फोटोजवळ." मग त्या म्हणाल्या, "मार्चमध्ये बी पेरायला ये. मला आता वाकून होत नाही. खुर्चीत मी बसते."

"येईन," रिम्मा म्हणाली. मग तिनं विचारलं, "त्यांचे हात बघितलेत तुम्ही?"

कापितोलिना येगोरोव्नांनी शाल अंगाभोवती ओढून घेतली.

"हात कशाला बघू?" त्या म्हणाल्या. "मी तिच्या तोंडाकडे बघत होते."